अनुदानाच्या खात्याची किल्ली : तुमचा अंगठा

पीएम-किसान, पेन्शन किंवा गॅस अनुदानाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर ती काढताही येते. पिन किंवा ओटीपी लागत नाही. म्हणूनच कागदपत्रांवरील ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत.

यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. यूआयडीएआयच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर तो लावता येतो. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. लॉक असताना ठशाने पैसे निघत नाहीत. अनुदान मात्र नेहमीप्रमाणे जमा होते. पैसे काढायचे असतील तेव्हा तात्पुरते अनलॉक करा.

आधारची प्रत द्यावी लागल्यास शेवटचे ४ अंकच दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. अंगठा लावल्यावर पावती घ्या. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगितले, तर आधी शिल्लक तपासा.

तुम्ही न काढलेले पैसे गेल्यास लगेच बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि १९३० वर फोन करा. चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला होता.