चाकांवरची काळी पूड

रत्नागिरीच्या मोटारीस दोन रंगांचा मळ लाभतो. एक तांबडा व दुसरा काळा. तांबडा मळ जांभ्या दगडाच्या मातीचा. तो बादलीभर पाण्यानें निघून जातो. काळा मात्र चाकांवर असा ठाण मांडून बसतो, कीं साध्या साबणास तो दाद देत नाहीं. कोल्हापुराहून आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा या वाटेनें गाडी घरीं आली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्या पुढच्या चाकांकडे पाहावें. चुलीवरच्या तव्यासही लाजवील अशी काजळी तेथें आढळते.

प्रस्तुत लेखकानें या काजळीशीं पहिला सामना केला तो काथ्या आणि राख घेऊन. घरांतील पितळी भांडीं याच सामग्रीनें लखलखीत होत आलेलीं. मग चाकानेंच काय पाप केलें होतें? अर्ध्या तासांत काजळी बरीचशी गेली, पण तिच्याबरोबर चाकाचें तेजही गेलें. जवळून पाहतां सर्वत्र बारीक ओरखडे! तें पाहून आमच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "अरे, कल्हईच्या भांड्याला आंतून कोणी काथ्या लावतो का?"

त्या प्रश्नांत सारें शास्त्र होतें. हल्लींच्या बहुतेक गाड्यांचीं चकचकीत चाकें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं असतात, आणि धातूवर पारदर्शक रोगणाचा पातळ थर दिलेला असतो. तीच त्यांची कल्हई. ती एकदां खरवडली, कीं खालच्या धातूस खारा वारा लागतो, आणि मग चाकावर पांढुरके फोड येऊं लागतात.

आतां ही काजळी येते कोठून तें पाहूं. ब्रेक दाबला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीस दोन्ही बाजूंनीं पट्ट्या आवळतात. घर्षणानें गाडीच्या वेगाची उष्णता होते, आणि पट्टी व तबकडी या दोन्ही कणाकणानें झिजतात. ते तापलेले कण चाकावर येऊन बसतात. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. म्हणून पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक काळवंडतात. या पुडींत लोखंडाचा अंश मोठा असतो, आणि समुद्राच्या दमट हवेंत लोखंड किती लवकर गंजतें हें रत्नागिरीकरांनीं आपल्या खिडक्यांच्या गजांसच विचारावें. गंजतां गंजतां हे कण रोगणांत रुततात. आठवड्याची पूड पाण्यानें जाते, पण चार महिन्यांची जात नाहीं, याचें कारण हेंच.

तेव्हां पहिला उपाय नियमितपणाचा. चाकें पूर्ण थंड झाल्यावर, सावलींत, एकेक चाक घ्यावें. प्रथम पाण्याची जोराची धार सोडावी. मग सौम्य साबणाचें पाणी व मऊ कुंचला यांनीं धुवावें. या कामाची बादली व फडकें निराळीं ठेवावींत. तेंच फडकें गाडीच्या अंगावर फिरविल्यास लोखंडाचे कण तेथेंही ओरखडे पाडतील.

जुनाट डागांसाठीं बाजारांत लोह विरघळविणारें द्रव्य मिळतें. त्यांत बहुधा थायोग्लायकोलेट नांवाचा क्षार असतो. केस कुरळे करण्याच्या औषधांतही तो वापरतात, व त्याचा दर्प उग्र असतो. चाकावर तो फवारला, कीं लोखंडाशीं संयोग होऊन पाणी जांभळें होतें. बाटलीवर सांगितलेलीं मिनिटें थांबावें, द्रव्य वाळूं देऊं नये, आणि मग भरपूर पाण्यानें धुवावें. हातमोजे अवश्य घालावेत व डोळे जपावेत. चिंच, आमसूल, धुण्याचा सोडा अथवा जहाल अम्ल यांचा मोह मात्र टाळावा. ॲल्युमिनियमला अम्ल व क्षार दोन्ही खातात. चाक वाळल्यावर त्यावर मेणाचा पातळ हात दिल्यास पुढची पूड सहज सुटते. हें मेण किंवा तेल ब्रेकच्या तबकडीस लागतां कामा नये. तेथें प्रश्न शोभेचा नसून प्राणांचा आहे. धुतल्यावर गाडी थोडी हळू चालवून चार-दोन वेळां ब्रेक दाबावा, म्हणजे तबकडी कोरडी होते.

दोन गोष्टी गृहिणींनीं विशेष ध्यानांत घ्याव्यात. ही पूड कोरड्या फडक्यानें झटकूं नये, वा फुंकूं नये. पूर्वीं ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस घालीत. त्याच्या धुळीनें फुप्फुसांचे दुर्धर रोग व कर्करोगही होतो. तें नसलें तरी धातूची सूक्ष्म पूड श्वासावाटे आंत जाणें हितावह नाहींच. यास्तव पूड आधीं भिजवावी. मुलांस जवळ बसवूं नये. दुसरी गोष्ट विहिरीची. जांभा सच्छिद्र असल्यानें वर सांडलेलें पाणी झिरपण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून गाडी विहिरीपासून दूर धुवावी.

चाकांवरची पूड वाचतां येते, हेंही सांगितलें पाहिजे. समोरच्या दोन चाकांपैकीं एकच फार काळें होत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहत असण्याचा संभव आहे. काळा थर ओलसर, तेलकट दिसला, तर कोठें तरी गळती आहे असें समजावें. दोन्ही प्रसंगीं बादली बाजूस ठेवून कारागीर गांठावा.

युरोपीय संघानें २०२४ सालीं मंजूर केलेल्या नियमांत धुराबरोबरच ब्रेकच्या धुळीसही प्रथमच मर्यादा घातली आहे. म्हणजे आपल्या चाकांवर दिसते ती केवळ मागें राहिलेली पूड. उरलेली वाऱ्यावर जाते, आणि ती रस्त्याकडेच्या घरांत राहणारीं माणसें श्वासांत घेतात.

हें कळल्यापासून आंबा घाट उतरतांना आम्हीं गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवूं लागलों. इंजिनच गाडीस आवरून धरतें, ब्रेक तापत नाहींत, आणि सकाळीं चाकेंही पूर्वींपेक्षां कमी काळीं दिसतात. जुने ओरखडे तेवढे कायम आहेत. मातोश्री त्यांकडे पाहतात आणि कांहीं बोलत नाहींत.