गोदंतीची ओळख आणि अवरक्त वर्णपट

गोदंती, खटिका आणि शंखजिरे ही तिन्ही शुभ्र द्रव्ये चूर्णरूपात समोर आली की अनुभवी वैद्याचीही नजर फसते. खडा हाती असेल तोवर परीक्षा सुलभ असते: शंखजिऱ्याचा स्पर्श साबणासारखा, गोदंतीवर नखाचा ओरखडा उठतो, खटिकेवर आम्ल पडताच ती फसफसते. चूर्णाच्या बाबतीत पहिल्या दोन कसोट्या निरुपयोगी ठरतात. नावावर विसंबावे तर शाळेतला खडूही पुष्कळदा जिप्समचा, म्हणजे गोदंतीचाच असतो!

खनिजातील अणुबंध सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनांशी जुळणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटात त्या ठिकाणी खाच पडते. गोदंतीत कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणून तिच्या खाचा १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसतात. खटिकेची प्रमुख खाच सुमारे २३४० वर, तर शंखजिऱ्याच्या खाचा १३९० व २३१० च्या जवळ असतात.

प्रतिमापद्धतीत कॅमेरा नमुन्याच्या प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट नोंदवितो. त्यामुळे खडक न विरघळविता कोणते खनिज कोठे आहे याचा नकाशा मिळतो. २००८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने याच तत्त्वावर चंद्रपृष्ठावरील जलांशाच्या खुणा टिपल्या; ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि ही पद्धत सर्वज्ञ नव्हे. माक्षिक व हिंगूळ यांच्या ठळक खाचा या पट्ट्यात पडत नाहीत. स्फटिकमणी ओळखण्यास बराच दीर्घ, ८ ते ९ मायक्रॉनचा पट्टा लागतो. सर्वांत चिंतेची बाब शंखजिऱ्याची: त्यात क्वचित मिसळलेल्या ट्रेमोलाइट या तंतुमय ॲस्बेस्टॉसची खाचही २३१० च्याच आसपास येते. तेथे सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विवर्तन यांना पर्याय नाही.

भस्मनिर्मितीतही या परीक्षेचा एक उपयोग संभवतो. पुरेशा अग्नीने गोदंतीतील जल निघून जाते व १९४० ची खाच मावळते. ती टिकून असेल तर पुट अपूर्ण राहिल्याचा संशय घ्यावा. मात्र दमट भस्मातील ओलावाही तेथेच खाच पाडतो. म्हणून नमुना कोरडा करून हवाबंद कुपीत पाठवावा, आणि शक्य असल्यास त्याच पोत्यातील न कुटलेला खडा सोबत द्यावा.