धूर जाळणारी पेटी

पहाटेचे साडेपाच वाजलेत. बाहेर उणे १८ अंश सेल्सियस, अंगणात गुडघाभर बर्फ. जिना उतरून मी फायरप्लेसपाशी उकिडवी बसते. काचेच्या दाराआड रात्रीची राख निपचित पडलेली असते, पण लोखंडी आकड्यानं ती मागून पुढे ओढली की तिच्याखालून लालभडक निखारे निघतात. मग हवेची दांडी पूर्ण उघडायची. दार आधी बोटभरच किलकिलं करायचं, म्हणजे धूर खोलीत न येता वर ओढला जातो. निखाऱ्यांवर दोन बारीक ढलप्या, त्यांवर तीन जाड लाकडं आणि दार बंद. मिनिटाभरात आतून भरभर आवाज येऊ लागतो. काडी लागत नाही, कागद लागत नाही, फुंकर तर मुळीच नाही.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, आमच्या या घराला हिवाळाभर ऊब देते ती हीच पेटी. इथे तिला ‘इन्सर्ट’ म्हणतात. जुन्या फायरप्लेसच्या विटांच्या खोबणीत चपखल बसवलेली ही पोलादाची किंवा बिडाची बंद शेगडी. तिच्यावर घर गरम करायला मी शिकले, त्याला तीन हिवाळे लागले.

हिंदी सिनेमातल्या हिल स्टेशनच्या बंगल्यात दिसते तशी उघडी फायरप्लेस आमच्या या घरातही होती. दिसायला सुंदर, पण घर तापवायला जवळजवळ निकामी. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची धुराड्यातून आभाळात जाते. शिवाय तो जाळ खोलीतली हवा सतत वर ओढत राहतो आणि तिची जागा घ्यायला दारं-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत शिरतो. शेकोटीसमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोलीतला माणूस आधीपेक्षा जास्त गारठतो. चांगली इन्सर्ट तेच सरपण जाळून सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात ठेवते.

हे दुखणं जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकात फायरप्लेसमध्ये बसवायची बिडाची शेगडी तयार केली आणि १७४४ साली तिच्यावर पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनं तिचा एकाधिकार देऊ केला, तोही त्यानं नाकारला. आपण इतरांच्या शोधांचा लाभ घेतो, तसा आपला शोधही सर्वांना मोकळा असावा, अशी त्याची भूमिका होती. त्याच्या मूळ रचनेत मात्र धूर आधी खाली उतरून मग वर चढायचा, त्यामुळे ती नीट ओढत नसे. पुढच्या कारागिरांनी तो मार्ग सरळ केला. १७९६ साली काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञानं फायरप्लेस उथळ आणि तिरप्या भिंतींची करायला सांगितली, म्हणजे धग खोलीकडे परावर्तित होते. पुढे कोळसा, तेल, गॅस आले आणि लाकूड मागे पडलं. १९७३ च्या तेलसंकटानं ते परत आणलं. तेलाचे भाव भडकले, तशा आमच्या या ईशान्य भागातल्या, न्यू इंग्लंडच्या घराघरांत लाकडाच्या शेगड्या आणि इन्सर्ट शिरल्या. त्यांतल्या कित्येक खूप धूर ओकत. म्हणून १९८८ साली अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेनं पहिले नियम केले. आज नव्या शेगडीला तासाला साधारण दोन ग्रॅमच सूक्ष्म धूलिकण सोडायची परवानगी आहे. २०२० च्या मे महिन्यापासून ही मर्यादा लागू आहे.

ही मर्यादा यंत्र कसं पाळतं, हे समजलं तेव्हा मला वाईच्या आजीचा तांब्याचा बंब आठवला. मध्ये नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. वर निघालेली उष्णता वाटेतच पकडायची, ही बंबाची सगळी हुशारी. इन्सर्ट त्याच्या पुढे एक पाऊल टाकते, ती धूरही जाळते. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघून जातं. मग लाकूड स्वतःच फुटून त्यातून वायू बाहेर पडतात. ज्योत असते ती या वायूंची. उरतो तो कोळसा, शेवटी जळणारा. साध्या चुलीत यातले बरेच वायू न जळताच निसटतात. त्यांनाच आपण धूर म्हणतो. म्हणजे डोळे झोंबवणारा तो धूर हे न जळलेलं सरपणच असतं.

आमच्या पेटीच्या छताखाली बारीक भोकं पाडलेल्या पोलादी नळ्या आहेत. त्यांतून आधीच तापलेली हवा येते. आतला कप्पा विटांनी मढवलेला, म्हणून तो सुमारे ६०० अंशांपर्यंत चढतो, आणि तिथे धुरातले वायू त्या हवेला भेटताच पेट घेतात. काही शेगड्यांत प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यात धूर सुमारे २६० अंशांनाच जळू लागतो. नळ्यांच्या शेगडीत हे डोळ्यांना दिसतं. लाकडावरची ज्योत मंदावते आणि छतापाशी, प्रत्येक भोकातून सुटल्यासारख्या, निळसर-केशरी ज्योती आळसावून लहरत राहतात. त्या वेळी बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसते.

पेटीइतकंच महत्त्व तिच्या नळीला. सत्तरच्या दशकात पुष्कळ इन्सर्ट जुन्या रुंद धुराड्यात नुसत्या ढकलून दिल्या गेल्या. त्या मोठ्या पोकळीत धूर गार व्हायचा, मंद चढायचा आणि आतल्या विटांवर डांबरासारखा चिकट थर धरायचा. याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला की धुराड्यात आग लागते आणि ती घरालाही खाऊ शकते. म्हणून आता पेटीपासून छताच्या वरपर्यंत, बहुधा सहा इंच व्यासाची, स्टेनलेस स्टीलची अखंड नळी सोडतात. पेटीच्या डोक्यावरची पोकळी पत्रा आणि खनिज लोकरीनं बंद करतात, नाहीतर तापलेली हवा तिथूनच निघून जाते. धुराडं वर्षातून एकदा तपासायचंच, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा गजर हवाच. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवायची, कारण तिच्यातला निखारा काही दिवसही जिवंत राहू शकतो.

एवढं सगळं नीट करूनही पहिला हिवाळा आमचा वाया गेला. पेटी नवी, नळी नवी, पण लाकूड ओलं. विकणारा म्हणाला होता, वर्षभर वाळवलेलं आहे. आम्ही विश्वास ठेवला. लाकडाच्या टोकांतून पाणी फेसाळायचं, चर्र आवाज यायचा, काच दोन दिवसांत काळी. मी चुलीच्या सवयीनं दार उघडून खाली-वर करत बसायचे आणि खोली गारच. वसंतात धुराडं साफ करायला आलेल्या माणसानं नळीतून निघालेली काजळी बादलीत दाखवली. काळी, चकचकीत, कुरमुऱ्यासारखी हलकी. मग त्यानं आमच्या राशीतलं एक लाकूड फोडलं आणि आतल्या ताज्या बाजूवर ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या. आकडा आला ३१. हवा होता २० च्या खाली. तो म्हणाला, “शेगडीत दोष नाही. तुम्ही तिच्यात पाणी उकळताय.”

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते वाफ करण्यात जी उष्णता जाते ती घराला मिळत नाही, आणि कप्पा गार राहिल्यानं धूरही जळत नाही. इथे लाकूड ‘कॉर्ड’नं मोजतात : चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची थप्पी. मेपल आणि बर्च साधारण वर्षभरात वाळतात, ओकला मात्र दोन उन्हाळे द्यावे लागतात. ओंडका फोडल्याशिवाय वाळत नाही, कारण साल पाणी अडवून धरते. थप्पी जमिनीपासून उचलून, वाऱ्याच्या वाटेवर, एकेरी ओळीत रचायची. झाकायचं फक्त डोकं. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत घाम धरतो आणि बुरशी येते.

जाळायलाही नव्यानं शिकावं लागलं. पहिली मोठी लाकडं तळाशी, त्यांवर मध्यम, सगळ्यांत वर काटक्या, आणि काडी लावायची ती वरून. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि सुरुवातीचा धूरही त्याच्याच ज्योतीतून जातो. पेट घेतल्यावर हवा टप्प्याटप्प्यानं कमी करायची. लाकूड रात्रभर पुरावं म्हणून ती एकदम बंद करायचा मोह होतो. तसं केलं की जाळ घुसमटतो, काच काळवंडते आणि नळीत पुन्हा डांबर जमतं. हवा योग्य ठेवली की दार तासन्‌तास उघडावं लागत नाही. आजी बंबाजवळून हलत नसे, सतत काहीतरी सारत असे. मला मात्र हात मागे घ्यायला शिकावं लागलं.

या पेटीच्या मर्यादाही आहेत. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ऊब पोचत नाही. गरम हवा खोलीत ढकलणारा तिचा पंखा विजेवर चालतो. पण वीज गेली तरी काचेतून धग येतच राहते, आणि इथे याची किंमत लोकांना कळली आहे. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमधल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा विचारही मला करावा लागतो. लाकडाचा धूर कुठलाही असो, माणसाच्या छातीला घातकच. आपल्याकडे १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, त्यामागचं एक कारण हा धूरही होता. तिथे बायका तो स्वयंपाकघरात श्वासावाटे घेत होत्या, इथे तो धुराड्यातून गल्लीत उतरतो. म्हणून पेटवल्यानंतरच्या पाव तासापलीकडे धुराड्यातून धूर दिसला, तर चूक माझी असं मी धरून चालते.

गेल्या ऑगस्टमध्ये आई आली होती. आम्ही मागच्या अंगणात पुढच्या दोन हिवाळ्यांची लाकडं रचत होतो, यंदाची डावीकडे, पुढच्या वर्षीची उजवीकडे. तिनं डाव्या थप्पीवर ठेवायचं एक लाकूड उचललं, दुसऱ्यावर आपटलं आणि कान दिला. मग पुन्हा एकदा.

“अगं, हे अजून ओलं आहे. आवाज बघ, बद्द येतोय. वाळलेलं कसं टणटण वाजतं.”

मी ते फोडून मीटर टोचला. आकडा आला २७. चूल सुटून तिला चाळीस वर्षं झाली होती. मी ते लाकूड उजव्या थप्पीवर ठेवलं आणि पुढची सगळी तिच्याच हातात दिली, वाजवून बघायला.