विरोधी पक्षाचा नेता

विधानसभेच्या सभागृहात अध्यक्षांचे आसन सर्वांहून उंच असते. त्यांच्या उजव्या हाताला मुख्यमंत्री, इतर मंत्री आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य बसतात. ज्यांच्या हाती राज्यकारभार आलेला नाही, असे सदस्य डाव्या हाताला बसतात. या डाव्या बाजूच्या पहिल्याच रांगेत विरोधी पक्षनेत्याची जागा असते. त्याच्याकडे कोणतेही खाते नसते. कचेरीतील एखाद्या शिपायाची बदली करण्याचाही अधिकार त्याला नसतो. परंतु तो बोलावयास उभा राहिला, म्हणजे अध्यक्ष सहसा त्यास थांबवीत नाहीत, आणि मंत्र्यांना त्याच्या प्रत्येक शब्दाकडे लक्ष द्यावे लागते.

याहूनही नवलाची गोष्ट अशी, की त्याचे वेतन सरकारी तिजोरीतून दिले जाते. महाराष्ट्राच्या विधानमंडळाने १९७८ साली तसा कायदाच केला. विधानसभेत एक आणि विधानपरिषदेत एक, अशा दोन विरोधी पक्षनेत्यांची त्यात सोय आहे, आणि त्यांचा मान मंत्र्याच्या बरोबरीचा समजला जातो. सरकारला धारेवर धरणाऱ्या माणसाला सरकारनेच वेतन द्यावे, हे प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. ही पद्धत का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

जुन्या काळी राजाच्या इच्छेविरुद्ध बोलणे म्हणजे राजद्रोह समजला जाई, आणि त्याची शिक्षा तुरुंगवास किंवा मृत्यू ही असे. इंग्लंडच्या पार्लमेंटात मात्र हळूहळू असा विचार रुजला, की मंत्र्यांना विरोध करणारा माणूस देशाचा शत्रू असतोच असे नाही. १८२६ साली हॉबहाउस नावाच्या एका सभासदाने कॉमन्स सभेत विरोधी पक्षाला ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असे थट्टेने म्हटले. सभागृहात हशा पिकला. पण ती थट्टा लोकांना इतकी पटली, की तेच नाव कायम झाले. पुढे १९०५ साली कॅनडाने आणि १९३७ साली इंग्लंडने विरोधी नेत्याला वेतन देण्यास प्रारंभ केला. भारताच्या संसदेने तसा कायदा १९७७ साली केला. मंत्र्याच्या मदतीला सचिव असतात, कारकून असतात, कागदपत्रांचे ढीग असतात. विरोधी नेत्याला हे सर्व काम स्वतः करावे लागते. त्याला पोटापाण्याचा दुसरा उद्योग करावा लागला, तर राज्याच्या कारभाराचा अभ्यास तो कोणत्या वेळी करणार? वेतन नसते, तर हे पद केवळ धनिकांनाच परवडले असते.

या नेत्याचे काम केवळ भाषणे करण्याचे नाही. बहुधा दिवसाच्या कामाचा आरंभ प्रश्नोत्तराच्या तासाने होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने उभे राहून तोंडी द्यावयाचे, त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. एखाद्या नदीवरील पुलाचे काम का रखडले, असे विचारल्यावर ‘काम चालू आहे’ एवढे उत्तर देऊन मंत्र्याची सुटका होत नाही. किती पैसा खर्च झाला, कंत्राटदाराला मुदत किती वेळा वाढवून दिली, पुराच्या दिवसांत पलीकडच्या गावातील मुले शाळेत कशी जातात, असे उपप्रश्न पाठोपाठ येतात. तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना दिली जाते. अर्थसंकल्पाच्या वेळी ‘या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत’ अशी कपात सूचना मांडतात. शंभर रुपयांनी राज्याची तिजोरी वाचत नाही, हे मांडणाऱ्यासही ठाऊक असते. त्या खात्याच्या कारभारातील दोष सभागृहापुढे ठेवण्याचा तो एक मार्ग आहे. आणि सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे अविश्वासाचा प्रस्ताव. तो संमत झाला, तर संपूर्ण मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागतो. हे शस्त्र क्वचितच लागू पडते, कारण बहुमत सरकारच्या बाजूचे असते. पण ते म्यानात आहे याची जाणीव पुरेशी असते.

मग एक शंका येते. विरोधकांची संख्या थोडी, मतदानात त्यांचा पराभव ठरलेला. अशा स्थितीत त्यांच्या बोलण्याने काय साधते? या शंकेचे उत्तर मुंबई प्रांताच्या जुन्या विधानसभेत सापडते. १९३७ साली तेथे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह विरोधी बाकांवर होते. कोकणात त्या काळी खोती पद्धती होती. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुली करणारा धनी. कष्ट कुळाचे आणि धान्याचा मोठा वाटा खोताचा. ही पद्धती रद्द करावी, असे विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईस आले आणि मोर्चा घेऊन कौन्सिल हॉलवर गेले. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. परंतु विषय सभागृहाच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला, आणि १९४९ साली मुंबई विधानमंडळाने खोती नाहीशी करणारा कायदा केला. मधली बारा वर्षे कुळांना खोताच्या दारी उभे राहावे लागले, ही खंत मात्र उरतेच.

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. विरोधकांतील सर्वांत मोठा जो शेतकरी कामगार पक्ष, त्याचे सदस्य होते अवघे १५. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप यांना विरोधी पक्षनेते म्हणून मान्यता मिळाली, आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. १९७२ च्या निवडणुकीत तर २७० च्या सभागृहात या पक्षाचे केवळ ७ सदस्य निवडून आले. त्या वेळी दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. हे पनवेल भागातील शेतकऱ्यांचे पुढारी. नवी मुंबई वसविण्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांच्या न्याय्य मोबदल्यासाठी ते पुढे अनेक वर्षे झगडले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच्या काळात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत देण्याची योजना अमलात आली.

येथे संख्येचा एक वाद लक्षात घेतला पाहिजे. विरोधी पक्षनेत्यासाठी सभागृहाच्या एक दशांश सदस्य त्याच्या पक्षाचे असावेत, असे पुष्कळ जण म्हणतात. हा दंडक लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आला. सभागृह चालू ठेवण्यास जितकी गणसंख्या लागते, तितके सदस्य तरी पक्षापाशी असावेत, हा त्यामागील विचार. महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यात मात्र असा आकडा घातलेला नाही. विरोधी पक्षांत ज्याची संख्या सर्वांत अधिक, त्या पक्षाच्या नेत्यास अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता द्यावी, एवढेच त्यात आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ च्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे २० सदस्य होते. एक दशांश म्हणजे २९. पद द्यावे की न द्यावे, यावर वाद झाला आणि आरंभीच्या अधिवेशनांत ते रिकामेच राहिले. सात सदस्यांच्या पक्षाचा नेता ज्या जागी बसला, ती जागा वीस सदस्यांच्या पक्षाला मिळू नये, हे जुन्या परंपरेशी जुळणारे नाही.

पद रिकामे राहिले, म्हणजे केवळ एका खुर्चीचा प्रश्न नसतो. राज्याचा मुख्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री व एक मंत्री यांच्यासमवेत विरोधी पक्षनेताही असतो. मानवी हक्क आयोगाच्या नेमणुकीतही त्याचे मत घेतले जाते. सरकारवर लक्ष ठेवणारी माणसे केवळ सरकारनेच निवडू नयेत, यासाठी ही योजना आहे. म्हणून माहितीच्या कायद्यात पुढचीही तरतूद केलेली आहे: मान्यताप्राप्त नेता नसेल, तर विरोधी गटांतील सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्यास बोलवावे.

हे पद मोहाचेही आहे. समोरच्या बाकांवर सत्ता आहे आणि मधले अंतर चार पावलांचे. महाराष्ट्रात २०१४, २०१९ आणि २०२३ या वर्षी विरोधी पक्षनेतेपदी राहिलेली व्यक्तीच थोड्या काळात मंत्रिमंडळात जाऊन बसली. ज्या मतदारांनी सरकारला जाब विचारण्यासाठी त्यांस निवडून दिले होते, त्यांचा प्रश्न मग कोणी विचारावा?

याच्या उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचे आहे. १९६२ साली ते प्रथम विधानसभेत आले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. अखेरपर्यंत त्यांनी आपला शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. ते काही काळ विरोधी पक्षनेते होते व दोन वेळा मंत्रीही झाले. पण त्यांचे बहुतेक आयुष्य डाव्या हाताच्या बाकांवरच गेले. दुष्काळी भागाचे पाणी आणि रोजगार हमीची कामे हे त्यांचे नेहमीचे विषय होते. आमदार असूनही ते एस. टी. च्या गाडीने प्रवास करीत. २०१९ साली वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढविली नाही, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते.