बाबांच्या हॅण्डीकॅमचं काय करायचं?

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून दरवर्षी एक काळी बॅग खाली येते, पुसली जाते आणि परत वर जाते. आत बाबांचा सोनीचा हॅण्डीकॅम, चार्जर, कधीच मान टाकलेली बॅटरी आणि पाच छोट्या कॅसेट्स. २००३मध्ये माझ्या पहिल्या वाढदिवसासाठी बाबांनी मनीष मार्केटमधून घासाघीस करून तो आणला होता. या वर्षी मात्र आईने फर्मान काढलं, ‘‘एक तर विका, नाही तर भंगारवाल्याला देते.’’ घरातले असले ऑनलाइन उद्योग माझ्याकडेच असतात. काढले फोटो, टाकली जाहिरात.

तासाभरात तीन मेसेज. एकाने जाहिरात न वाचताच ‘लास्ट प्राइस?’ विचारलं. दुसरा म्हणाला, पाचशे देतो, आत्ता येतो. तिसऱ्याने मात्र विचारलं, ‘‘कॅसेट आत घेतो का? प्ले होते का?’’ खरं सांगू? मला काहीच माहीत नव्हतं.

खिशातल्या फोनवर फोर-के शूटिंग होत असताना हे डबडं कोण घेतं, हा प्रश्न मलाही पडलाच होता. तर, एक गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच वयाचं. त्यांना तो जरा पुसट, रंग सांडल्यासारखा ‘टूथाउजंड्स’चा लुक हवा असतो. ‘आफ्टरसन’ पाहिला असेल तर आठवेल, त्यात बाप-लेकीच्या सुट्टीचं शूटिंग मिनीडीव्हीवर केलंय. डॅनी बॉयलने तर ‘२८ डेज लेटर’चा बराचसा भाग कॅननच्या एक्सएल१ या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर उरकला होता. स्केटबोर्डवाल्यांचा जीव अजूनही १९९५च्या सोनी व्हीएक्स१००० मध्ये अडकलेला आहे. तसा काही घरात निघाला, तर पाचशेवाल्याला सरळ ब्लॉक करा.

दुसरं गिऱ्हाईक जास्त गरजू. त्याच्या घरी कॅसेट्स आहेत, पण त्या चालवणारं मशीन बंद पडलंय. मिनीडीव्हीची कॅसेट व्हीसीआरमध्ये जात नाही. ती बघायला मिनीडीव्हीचाच कॅमेरा किंवा प्लेयर लागतो. म्हणजे हा कॅमेरा शूटिंगपेक्षा प्लेयर म्हणूनच विकला जातो. १९९९मध्ये आलेल्या सोनीच्या डिजिटल८ कॅमेऱ्यांना मागणी असते तीही यासाठीच. त्यातली बरीच मॉडेल्स जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेट्सही चालवतात. अमेरिकेतल्या काकांनी आणलेला कॅमेरा असेल, तर तो बहुधा एनटीएससीचा. आपल्याकडे पाल चालतं, त्यामुळे इथल्या कॅसेटवाल्याला त्याचा उपयोग नाही. छोट्या डीव्हीडीवर शूट करणाऱ्या हॅण्डीकॅमसाठी तर फारसं कुणी धावत येत नाही. आणि हार्डडिस्कवाला असेल, तर आतलं सगळं कॉपी करून, पुसून मगच द्या. नाही तर ताईचं केळवण कुणा अनोळखी माणसाकडे पोहोचायचं.

थोडक्यात, चालू कॅमेऱ्याला भाव आहे, बंद कॅमेऱ्याला वजनाचा भाव आहे. तेव्हा मी चार्जर लावला, श्वास रोखला आणि स्विच ऑन केला. दिवा लागला! स्क्रीनवर ‘कॅसेट’चं चिन्ह आलं. म्हणजे आत एक सहावी कॅसेट होती. पाचशेवाला ‘आत्ता येतो’ म्हणाला होता, ते आठवून पोटात गोळाच आला.

कॅसेट मागे नेऊन लावली. बाबांचा एक गोंधळ तेव्हाच कळला. थांबवायला म्हणून ते जे बटण दाबायचे, त्याने शूटिंग सुरू व्हायचं. त्यामुळे वाढदिवसाचा केक नाहीच. आहे ती फरशी, सोफ्याचा पाय, उलटा दरवाजा आणि चपला. आई वैतागली, ‘‘एवढे पैसे घालून हे?’’ तेवढ्यात चपलांच्या वरून आवाज आला, ‘‘अगं, दूध उतू चाललंय, कुणी बघणार का?’’ आजोबा. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नव्हता. पुढची अकरा मिनिटं ते फरशीवरून कांद्याच्या भावावर बोलतात, कुणाला तरी पंखा लावायला सांगतात, आणि आम्ही तिघं त्या फरशीकडे बघत बसलो.

विक्री अर्थातच लांबली. आधी सहाही कॅसेट्स कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्या. ही कटकट आहे, खोटं कशाला बोलू. मिनीडीव्हीतलं चित्र जसंच्या तसं हवं असेल तर फायरवायर लागतं, जे आजच्या लॅपटॉपवर नसतंच. माझ्या मित्राच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये त्याचं कार्ड निघालं. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. जुन्या मॉडेल्समध्ये ते बऱ्याचदा फक्त फोटोंसाठी असतं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी आणि कॅप्चर डोंगल लावूनही काम भागतं, दर्जा थोडा उतरतो. शॉर्टकट नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा खाते. दुकानातून करून घेणार असाल तर डीव्हीडी मागू नका, फाइल मागा.

आणि प्लीज, कॅसेट उघडून आधी खिडकीतून रिळाकडे बघा. मुंबईच्या हवेत त्यावर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट आत सरकवली, तर हेड खराब होतं आणि कॅमेरा विकायचा विषयच संपतो. आमच्या सहापैकी एक अशीच निघाली. ती वेगळी ठेवलीय, तिच्यासाठी माहितगार माणूस शोधतेय.

तिसऱ्या मेसेजवाल्याला सगळं खरं सांगितलं. त्याच्याकडेही त्याच्या आईच्या लग्नाची कॅसेट आहे. तीन हजारांवर सौदा ठरला, पण आमच्या कॅसेट्स झाल्यावरच. तो थांबायला तयार आहे. चार झाल्या, एक राहिलीय. कालच बाबांनी हळूच विचारलं, ‘‘त्याला म्हणावं, त्याचं काम झालं की परत विकणार आहेस का?’’