सिमोने मार्तिनीची मरियम मागे का सरकते?

इटलीतल्या सिएना शहराचा चित्रकार सिमोने मार्तिनी. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात त्याचं १३३३ सालचं एक वेदीचित्र आहे. लाकडी फळ्या, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि मागे लखलखता सोन्याचा वर्ख. सिएनाच्या कॅथीड्रलसाठी त्याने ते मेहुणा लिप्पो मेम्मीच्या जोडीने केलं.

तू येशूची आई होणार, हे मरियमला सांगायला देवदूत गॅब्रिएल नुकताच उतरलाय, त्याचा चौकड्यांचा झगा अजून हवेत फडफडतोय. तोंडातून निघालेले शब्द उठावाच्या अक्षरांत थेट मरियमकडे जातात. आणि ती? दचकून अंग चोरते, गळ्याशी वस्त्र ओढून घेते. पण वाचत असलेल्या पुस्तकात अंगठा तसाच, पान चुकू नये म्हणून! बाई वाचता वाचता थांबली आहे, हे सातशे वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने टिपलंय. मी तर या अंगठ्यावर फिदा आहे.

त्याची भित्तिचित्रंही बघाच. १३१५ ची भव्य ‘माएस्ता’ चर्चमध्ये नाही, सिएनाच्या नगरसभेच्या दालनात आहे. सिंहासनावरची मरियम तिथे लिहिलेल्या ओळींतून कारभाऱ्यांना बजावते, की दुबळ्यांना छळणाऱ्यांसाठी तुमच्या प्रार्थना ऐकणार नाही. कारभाराच्या भिंतीवर याहून योग्य चित्र कुठलं असणार?

असिसीत सेंट फ्रान्सिसच्या खालच्या चर्चमध्ये संत मार्टिनची कथा आहे. मार्टिनच्या कमरेला तलवार बांधली जात असताना बाजूला वादक उभे आहेत. त्यातला एकजण एकाच वेळी दोन बासऱ्या फुंकतोय. तो नक्की शोधा.