जुन्या विहारनौकेंतील हवा थंड करण्याचें यंत्र कसें बदलतात

उन्हाळ्यांत माठांतील पाणी थंड कां होतें, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें, आणि मागें राहिलेलें पाणी निवतें. येथें थंडी कोणीं उत्पन्न केली नाहीं. उष्णता मात्र एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली. एवढें तत्त्व ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फ्लॉरिडा म्हणून एक संस्थान आहे. त्यांतील फोर्ट लॉडरडेल या शहरीं कालव्यांचें मोठें जाळें असून, त्यांच्या कांठीं मोटारीवर चालणाऱ्या खासगी विहारनौका बांधून ठेवलेल्या असतात. या नौकांस यॉट असें म्हणतात. तेथील उन्हाळा आपल्या कोंकणाप्रमाणेंच दमट असल्यामुळें नौकेच्या खोल्यांत हवा थंड करणारें यंत्र ठेवावेंच लागतें. १९८५ च्या सुमारास बांधलेल्या कित्येक नौका अद्यापि धडधाकट आहेत. परंतु हीं यंत्रें तितकीं दीर्घायुषी नसतात, व केव्हांतरी तीं बदलण्याची पाळी येते. जुनें काढावें व नवें बसवावें, इतकें हें काम सोपें आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुतः यंत्र हा त्या कामाचा लहानसा भाग होय.

माठांत जें काम पाणी करतें, तें या यंत्रांत एक विशिष्ट वायु करतो. खोलींतील नळ्यांत तो द्रवरूप सोडून वायुरूप होतो, व त्या वेळीं तेथील हवेची उष्णता शोषून घेतो. नंतर कॉम्प्रेसर त्यास दाबतो. दाबानें तो तापतो, आणि कंडेन्सर नांवाच्या दुसऱ्या नळ्यांत आपली उष्णता टाकून पुनः द्रव होतो. घरांत ही उष्णता बाहेरच्या हवेंत सोडतात. नौकेंत ती बहुधा समुद्राच्या पाण्यास देतात. त्याकरितां नौकेच्या पेंद्यास एक भोंक असतें. त्यावर तोटी, तिच्यापुढें गाळणी, मग पंप, मग कंडेन्सर, अशा क्रमानें पाणी फिरून नौकेच्या बाजूनें परत समुद्रांत पडतें. खारें पाणी साध्या धातूस लौकर खातें, म्हणून कंडेन्सरची नळी तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूची करतात.

यावरून पहिला नियम निघतो. खोली थंड होईनाशी झाली म्हणजे यंत्रास दोष देण्यापूर्वीं बाजूनें पडणारी पाण्याची धार पाहावी. गाळणींत शेवाळ अडकलें असेल, किंवा नळींत शिंपले वाढले असतील, तर उष्णतेस बाहेर जाण्याचा मार्गच उरत नाहीं. अशा स्थितींत नवें यंत्र बसविलें, तरी तेंही थोड्याच दिवसांत जुन्यासारखें वागूं लागेल.

दुसरी गोष्ट वायूची. जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ हा वायु असतो. तो मोकळा सुटल्यास, सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीचें रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थरास इजा करतो. १९८७ सालीं माँट्रिअल येथें अनेक राष्ट्रांनीं करार करून असे पदार्थ क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरविलें, व त्यास अनुसरून अमेरिकेंत आर-२२ चें नवें उत्पादन व आयात १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. जुनें यंत्र काढतांना त्यांतील वायु हवेंत सोडणें तेथें गुन्हा आहे. परवानाधारक कारागिरानें तो डब्यांत भरून घेतला पाहिजे. आर-४१०ए हा दुसरा वायु ओझोनास अपाय करीत नाहीं. मात्र त्याचा दाब बराच अधिक असल्यामुळें तो जुन्या यंत्रांत भरून भागत नाहीं. शिवाय, सुटल्यास पृथ्वीची उष्णता वाढविण्यांत तोही मागें नाहीं. तेव्हां कोणताही वायु गळूं न देणें हेंच खरें.

तिसरी गोष्ट मापाची. यंत्राची शक्ति ‘टनां’त सांगतात. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत बाहेर काढणारें यंत्र एक टनाचें होय. ताशीं हिशेब केल्यास ती १२,००० ब्रिटिश उष्णतामानें भरते. पाण्याखालीं असलेल्या खोलीस दर चौरस फुटास ६० मानें, तर वरच्या मजल्यावरील कांचेच्या दालनास १२० मानें, अशी एक ढोबळ रीत आहे. दर टनामागें मिनिटास सुमारें ३ गॅलन समुद्रजल लागतें. म्हणून मोठें यंत्र आणावयाचें, तर पंप व नळ्याही त्या मानानें मोठ्या हव्यात. पंप पाण्याच्या पातळीखालीं बसवावा, आणि त्याकडे येणारी व पुढें जाणारी नळी सारखी चढती ठेवावी. मध्यें बांक राहिल्यास तेथें हवा अडकून प्रवाह थांबतो. चालूं होतांना कॉम्प्रेसर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढतो, तेव्हां नौकेवरील जनित्र तो भार सोसेल कीं नाहीं, हेंही अगोदर तपासावें लागतें.

पेंद्यावरील तोटी व तिची नळी यांची परीक्षा नौका पाण्याबाहेर काढून करावी. ती कुजकी नळी तशीच ठेवून वर नवें यंत्र बसविणें म्हणजे फुटक्या कळशीस कल्हई करण्यासारखें आहे. त्या लहानशा भोंकानें सबंध नौका बुडूं शकते.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पाचें पाणी होऊन तें खालच्या तबकांत सांचतें. त्याची मोरी एंजिनाच्या खोलींत किंवा धूर बाहेर पडतो त्या जागेजवळ कधींही सोडूं नये. कारण एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. यंत्राचा पंखा हवा ओढूं लागला म्हणजे तो त्याच मोरीवाटें निजावयाच्या खोलींत शिरूं शकतो, व निजलेल्या मनुष्यास जाग येण्यापूर्वींच त्याचा प्राण घेतो. म्हणून मोरी स्वतंत्र न्यावी, आणि त्या वायूची सूचना देणारी घंटा प्रत्येक निजावयाच्या खोलींत असावी.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुढें कोणी नौकेचे मालक होतील, कोणी कारागीर. पुष्कळांच्या वांट्यास यांतील कांहींच येणार नाहीं. परंतु यंत्र कोठलेंही असो, त्याच्या चकचकीत तोंडाकडे पाहून स्वस्थ बसूं नये. त्यांत काय शिरतें, त्यांतून काय बाहेर पडतें, व तें कोठें जातें, हे तीन प्रश्न ज्यास विचारतां येतात, तोच त्याचा खरा जाणता.